खडी किती पाणी पिते?

(प्रौढ वर्गापुढे दिलेले व्याख्यान)



आज मी तुम्हांला खडीच्या तहानेविषयी सांगणार आहे. दगडाला तहान लागते हे ऐकून मागे कोणीतरी हसले. हसा. पण लागते खरी, आणि ती मोजताही येते. त्यासाठी लागते काय? एक वजनकाटा, एक बादली, दोन कोरडी फडकी आणि शेकडेवारीचे एक गणित. शेकडेवारी आपण मागच्याच महिन्यात शिकलो.

मी इंजिनियर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, मास्तर झालो, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. निम्मी नोकरी नांदेड जिल्ह्यात गेली, निम्मी लातूर जिल्ह्यात. शाळेची खोली बांधायला निघाली की मुख्याध्यापकाला उन्हात उभे राहावेच लागते. तेवढेच माझे बांधकामाचे शिक्षण. बाकीचे पुस्तकांत वाचले, जाणत्यांना विचारले.

आता हा विषय आजच का काढला ते सांगतो. आपल्या या वर्गातल्या एका ताईंना घरकुल मंजूर झाले आहे. त्यांच्या दिराने यंदा विहीर पाडली. विहिरीचा दगड बांधावर ढीग होऊन पडला आहे. मिस्त्री म्हणाला, "दगड फुकट पडलाय, तोच फोडून घ्या की. खडीला पैसे कशाला घालायलाव?" ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, घेऊ का हा दगड?" हो म्हणावे तर घराचा प्रश्न. नाही म्हणावे तर गरिबाचे पैसे जातात. मी म्हटले, ताई, मला विचारू नका. दगडालाच विचारू.

दगडाला कसे विचारले ते सांगण्याआधी काँक्रीट म्हणजे काय ते पाहू.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिळून काँक्रीट होते. पण सिमेंट वाळून घट्ट होते असे जे पुष्कळांना वाटते ते खरे नाही. चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांची एकमेकांशी क्रिया होते आणि त्यातून नवा पदार्थ तयार होतो. तो दगडाला दगड चिकटवतो. पन्नास किलोच्या एका पोत्याला या क्रियेसाठी सुमारे १२ लिटर पाणी लागते. आणखी थोडे पाणी त्या नव्या पदार्थाच्या बारीक छिद्रांत अडकून राहते. याच्यावर आपण जे पाणी घालतो ते माल हलावा, थापीखाली पसरावा, सळईच्या खाली जावा, यासाठी. ते पाणी पुढे उडून जाते. आणि जाताना आपली जागा रिकामी ठेवून जाते. जितके पाणी जास्त, तितकी आत भोके जास्त, तितका स्लॅब कच्चा.

अमेरिकेत शिकागो शहरी डफ एब्रम्स नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी काँक्रीटचे पुष्कळ ठोकळे करून फोडून पाहिले आणि १९१८ साली निष्कर्ष छापला. सिमेंटच्या मानाने पाणी किती, यावर काँक्रीटची ताकद ठरते, असा तो निष्कर्ष. शंभर वर्षे उलटून गेली, तरी जगभर बांधकाम याच नियमावर चालते. आपल्या देशाचे काँक्रीटचे नियम आहेत, त्यांना आय. एस. ४५६ म्हणतात. सन २००० च्या त्या नियमांत घराच्या साध्या स्लॅबच्या मालाला, म्हणजे एम-२० ला, पोत्यामागे प्रमाण दिले आहे: खडी आणि वाळू मिळून जास्तीत जास्त २५० किलो, आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर.

हा ३० आकडा लक्षात ठेवा. सगळी मेख त्यातच आहे.

तुम्ही मोजून ३० लिटर पाणी घातले. पण खडी तहानलेली असेल तर? ती आधी आपले पोट भरणार. सिमेंटच्या वाट्याला उरेल ते उरेल. माल घट्ट होतो, घमेल्यातून पडत नाही. मिस्त्री ओरडतो, "पाणी मार रे!" बिगारी बादली उपडी करतो. ती किती लिटरची, भरलेली होती की अर्धी, कोणी मोजले? खडीने पाच लिटर प्याले आणि बिगाऱ्याने बारा ओतले, तर सात लिटर फुकटचे वाढले. उलट पाणी मारलेच नाही, तर घट्ट माल सळईखाली जात नाही. पेट्या काढल्या की खालून मधमाशीच्या पोळ्यासारखा स्लॅब दिसतो. दोन्हीकडून नुकसान.

मी यात मिस्त्र्याला दोष देत नाही. त्याचा हात मालाची घट्टाई बरोबर ओळखतो. पण माल घट्ट का झाला, हे हाताला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दगडाच्या पोटात पाणी जाते कुठून? आपल्या भागापुरते सांगतो. आपला काळा पाषाण म्हणजे निवलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो वाहिला. एक थर वाहिला, निवला. त्यावर दुसरा आला. प्रत्येक थराच्या पोटातला रस सावकाश निवला, म्हणून तिथला दगड घट्ट, जड, हातोडीखाली खणखणणारा झाला. थराच्या वरच्या अंगाला मात्र वायूचे बुडबुडे चढले आणि तिथेच गोठले. अनारशाला जाळी पडते, तशी त्या दगडाला जाळी पडली. पुढे कित्येक भोकांत पांढरे, चमकणारे खडे भरले. विहीर पाडणारे लोक या दगडाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा तांबडा पट्टा असतो, तो तर पाणी लागताच मऊ पडतो. विहीर खणता खणता हे सगळे थर लागतात. म्हणून विहिरीच्या ढिगात काळा, मांजऱ्या, गेरू, मुरूम, सगळी भेसळ असते. क्रशरची खडी तरी काय, खाणीत ज्या थरावर यंत्र लागेल तीच मिळायची.

नांदेड जिल्ह्यात पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे गेलात तर काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो. बिदरच्या बाजूला भोकाभोकांचा तांबडा जांभा आहे. तेव्हा एका गावचा अंदाज दुसऱ्या गावी चालत नाही.

खडीची तहान मोजण्याची रीत भारतीय मानक संस्थेने १९६३ साली छापली. तिचा नंबर आय. एस. २३८६, भाग तिसरा. नंबर पाठ करण्याची गरज नाही. रीत मात्र नीट ऐका.

निदान दोन किलो खडी घ्यावयाची. ढिगाच्या एकाच जागची नव्हे. चार बाजूंची आणि आतली. ती स्वच्छ धुवावयाची. कारण अंगाला लागलेली धूळही पाणी पिते, आणि आपल्याला तहान मोजायची आहे दगडाची. धुतलेली खडी तारेच्या टोपलीत घालून पाण्यात बुडवावयाची. पाणी खडीच्या वर चांगले चार बोटे असावे. मग टोपली इंचभर उचलायची आणि सोडायची, असे पंचवीस वेळा. घागर विहिरीत बुडवली की बुडबुड करून हवा बाहेर येते ना? तशी खड्यांच्या मध्ये अडकलेली हवा हिसके बसून बाहेर येते. नाहीतर हवा वाट अडवून बसते आणि पाणी आत शिरत नाही. नंतर चोवीस तास तशीच बुडती ठेवावयाची.

दुसऱ्या दिवशी बाहेर काढा, निथळू द्या, आणि कोरड्या फडक्यावर पसरून पुसा. पहिले फडके ओले झाले की दुसरे घ्या. मग सावलीत दहा मिनिटे तरी पसरून ठेवा. ऊन नको.

पुसण्याची ही पायरी सर्वांत नाजूक आहे. खडा पाण्यातून काढला की चमकतो. ती चमक म्हणजे अंगावरचे पाणी, ते आपल्याला नको. पुसता पुसता चमक जाते, पण दगडाचा रंग गडदच राहतो. तिथे थांबा. रंग फिका पडू लागला, तर समजा की पोटातले पाणीही निघाले. मी याला म्हणतो, पोट भरलेले आणि अंग कोरडे. अशी खडी मालातून पाणी घेत नाही आणि मालात पाणी देतही नाही. या क्षणी वजन करा. हे पहिले वजन.

मग खडी वाळवावयाची. प्रयोगशाळेत भट्टी असते, तिच्यात १०० ते ११० अंश उष्णतेवर चोवीस तास ठेवतात. निवल्यावर पुन्हा वजन. हे दुसरे वजन. पहिल्यातून दुसरे वजा केले की पोटातले पाणी निघाले. त्याला शंभराने गुणा आणि दुसऱ्या वजनाने, म्हणजे कोरड्या वजनाने, भागा. ओल्या वजनाने नव्हे. माझे विद्यार्थी नेमके इथेच अडखळत. मूळ रक्कम कोणती आणि व्याज कोणते, ते आधी ओळखा. कोरडा दगड हे मुद्दल.

आपल्या वर्गात आपण काय केले? ताईंच्या ढिगातला दगड फोडून दोन ढिगल्या केल्या. एक काळ्या घट्ट खड्यांची, दुसरी जाळीच्या खड्यांची. तारेची टोपली नव्हती. पालेभाजी धुवायची जाळी घेतली. काटा किराणा दुकानातला, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दोन किलोवर पाच ग्रॅम म्हणजे पाव टक्का, तेवढी चूक आपल्याला चालते. मूठभर खडी घेतली असती तर त्या काट्यावर काहीच कळले नसते. दोन किलो घेण्याचे कारण हेच.

वाळवण्यासाठी लोखंडी तवा आणि मंद आच. इथे दोन सूचना आहेत. ओला दगड एकदम तापवला तर फुटून उडतो, डोळ्याला इजा होते. म्हणून आच हळू आणि तोंड दूर. दुसरी सूचना जास्त गमतीची आहे. मांजऱ्यात जे पांढरे खडे असतात, त्यांतल्या काहींच्या अंगातच पाणी असते, भोकात नव्हे. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडनच्या विद्वानाने असा एक खडा ज्योतीवर धरला. तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने त्या जातीला झिओलाइट नाव दिले. अर्थ, उकळणारा दगड. आपल्या सबंध काळ्या पाषाणाच्या मुलखात हे खडे सापडतात. तेव्हा तवा लाल केलात तर या खड्यांच्या अंगचे पाणीही उडेल आणि तुमचा आकडा फुगेल. मंद आचेवर हलवत राहा, अर्ध्या अर्ध्या तासाने वजन करा. लागोपाठ दोन वजने सारखी आली की उतरवा.

आकडे फळ्यावर लिहिले आहेत. काळी खडी: पुसल्यावर २,०१० ग्रॅम, वाळल्यावर १,९८५. फरक २५. शेकडा सव्वा. जाळीची खडी: पुसल्यावर २,०१० ग्रॅम, वाळल्यावर १,९००. फरक ११०. शेकडा पावणेसहाच्या किंचित वर. एकाच विहिरीतले दगड, आणि तहानेत साडेचार पटींचा फरक! चांगला काळा पाषाण सहसा दोन टक्क्यांच्या आत राहतो. डांबरी रस्त्यांच्या सरकारी नियमांतही खडीला दोन टक्क्यांचीच मर्यादा आहे.

आता हे आकडे पोत्यावर आणू. अडीचशे किलोंत साधारण १६५ किलो खडी आणि ८५ किलो वाळू असते. काळी खडी अगदी कोरडी असली तरी १६५ वर सव्वा टक्का, म्हणजे दोन लिटर पाणी पिईल. जाळीची खडी साडेनऊ लिटर पिईल. तीस लिटरांतले साडेनऊ! सगळे एका दमात पिणार नाही हे खरे, पण बरेचसे पहिल्या अर्ध्या तासातच पिते, आणि तेवढ्यात आपला माल अजून घमेल्यातच असतो.

कोणी विचारील, मग साडेनऊ लिटर मोजून वर घाला, झाले! हिशेब बरोबर आहे, पण दगड बरोबर नाही. ज्याच्या पोटात इतकी भोके, तो सहसा ठिसूळही असतो. माणसाचे वजन पेलताना काँक्रीट आपल्या खडीवरही भार टाकते. पाणी कमी पिते म्हणून दगड चांगलाच, असेही नाही; चपटा, धुळकट, कुजका नाही ना तेही पाहावे लागते. पण फार पाणी पिणारा दगड स्लॅबला नको, एवढे मी खात्रीने सांगतो.

एका शाळेच्या व्हरांड्याचा स्लॅब मी पाहिला आहे. गाव सांगत नाही. काही वर्षांतच खालचा थर सुटला, सळई उघडी पडून गंजली. पडलेला तुकडा हातात घेतला तर आत जाळीचे तांबूस खडे. मुले त्याच व्हरांड्यात खिचडी खायला बसत. आम्ही तो भाग दोरी बांधून बंद केला.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब घातला तर त्याचे वजन होते सुमारे ३५ क्विंटल. सोयाबीनची साठ-सत्तर पोती डोक्यावर ठेवून आपण खाली झोपतो.

हे बोलताना किल्लारीची आठवण आल्यावाचून राहत नाही. ता. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसे गेली. ती घरे काँक्रीटची नव्हती. जाड दगडी भिंती, सांधे मातीचे, वर मातीचे जड माळवद. तेव्हापासून आपल्या लोकांना माळवदाचा धसका बसला आणि सिमेंटवर भरवसा बसला. भरवसा ठेवायला हरकत नाही. पण कच्चा स्लॅब हे सुद्धा एक माळवदच, फक्त रंग वेगळा.

त्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतर पुष्कळ गावांत सरकारी मदतीने लोकांनी स्वतःची घरे दुरुस्त करून मजबूत केली. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. बांधकाम कसे चालले आहे ते पाहायचे, घरोघरी समजावून सांगायचे, ही कामे त्यांनी केली. तेव्हा ताई, मिस्त्र्यासमोर उभे राहून "ही खडी कुठल्या खाणीची?" असे विचारायला लाजू नका. तुमच्या आधी पुष्कळ जणींनी विचारले आहे.

कामाच्या दिवशी काय करायचे? आपल्याकडे वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो. खडी नुसती कोरडी नसते, तापलेलीही असते. म्हणून आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी शिंपडा आणि वर ओले पोते टाका. सकाळपर्यंत खडीचे पोट भरते, अंग निवते. माल कालवायच्या आधी वरचे पाणी निथळलेले असावे. पावसाळ्यात उलटे. तेव्हा वाळू ओली असते. बऱ्यापैकी ओल्या वाळूच्या अंगावर शेकडा पाच पाणी धरा. ८५ किलोंवर सव्वाचार लिटर झाले. तेवढे तीस लिटरांतून कमी करायचे. पाणी ओतायला एकच डबा ठरवा, त्याचे लिटर आधी मोजा, आणि कोळशाने भिंतीवर रेघा मारत जा. ज्याला रेघ मारता येते त्याला हिशेब ठेवता येतो.

स्लॅब पडल्यावर मात्र पाण्याची काटकसर करू नका. आजकालच्या सिमेंटला आपल्या उन्हात निदान दहा दिवस स्लॅब सतत ओला ठेवावा, चौदा ठेवला तर फार बरे. आळी करून पाणी साठवा, नाहीतर ओली पोती अंथरा. लातूरकरांना मी पाण्याची किंमत काय सांगणार? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. म्हणूनच म्हणतो, टंचाईच्या साली स्लॅबचे काम जूनपुढे ढकललेले बरे.

घरच्या तव्यावरच्या परीक्षेने मन भरत नसेल, तर नांदेडला विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८१ साली निघालेले. लातूरलाही सरकारी तंत्रनिकेतन आहे. स्थापत्य शाखेच्या प्रयोगशाळेत काटा, टोपली, भट्टी सगळे असते. तिथे चौकशी करावी. नमुना नेताना निवडून चांगले खडे नेऊ नका. तिथे फसवणूक होते ती आपलीच.

ताईंच्या ढिगाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. सगळ्यांनी मिळून दोन रविवार दगड निवडला. घट्ट काळा दगड चौथा हिस्सासुद्धा निघाला नाही. तेवढ्यासाठी फोडणावळ परवडेना. म्हणून ढीग जोत्याच्या भरावात घालायचे ठरले, गेरू तेवढा बाजूला काढून. स्लॅबला क्रशरची खडी येईल. भरावाचा मुरूम वाचला, तेवढाच ताईंचा फायदा. मिस्त्री थोडा रागावला होता. काल तो स्वतःच क्रशरवरून मूठभर खडी रुमालात बांधून घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, हीबी तोलून बघा." मी म्हटले, मूठभर नव्हे, दोन किलो आणा.

पुढच्या सोमवारी वाळूची पाळी. खड्यासारखा एकेक कण पुसता येत नाही, म्हणून तिची रीत थोडी निराळी आहे. ओले कण एकमेकांना चिकटायचे कधी थांबतात ते पाहावे लागते. येताना प्रत्येकाने आपल्या जवळच्या ढिगातली किलोभर वाळू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणावी. वरची नको, ती उन्हाने वाळलेली असते. कोपरापर्यंत हात घालून आतली काढा. नदीची आणि क्रशरची, दोन्ही आणा. काटा दुकान बंद झाल्यावर मिळतो, म्हणून वर्ग आठऐवजी साडेआठला भरेल.